पाटीवर टाकलेला रुमाल

सांगलीहून विट्याला येणाऱ्या एसटीत उजव्या खिडकीला बसलात, तर विटा यायच्या थोडं आधी आमची संस्था दिसते. द्राक्षबागा संपतात, पंक्चरचं दुकान लागतं, मग रसवंतीगृह, आणि मग माळावर उभी असलेली आमची पाटी. पाटी मोठी आहे. पहिली काही वर्षं तर इतकी मोठी वाटायची, की मागची इमारत पाटीला टेकू द्यायला बांधली असावी असं लोक म्हणायचे. हल्ली नवी मुलं तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि गावाकडं पाठवतात. त्यांची गावंही आता लांबलांबची असतात.

'तानुबाई इंटरनॅशनल बिझनेस स्कूल' असं त्या पाटीवर आहे. नीट बघितलंत तर पहिला आणि शेवटचे दोन शब्द उन्हानं विटलेले दिसतील, आणि 'इंटरनॅशनल' तेवढा ताजा. जुन्या सदऱ्याला नवा खिसा लावावा तसा. नवीन येणारे प्राध्यापक मला न चुकता सांगतात, सर, सगळी पाटी एकदा रंगवून घेऊ या, बरं दिसत नाही. मी नको म्हणतो. का नको, हे सांगायचं तर अक्कांबद्दल सांगावं लागतं. आणि अक्कांबद्दल सांगायचं तर माझे गाढवपणे सांगावे लागतात, कारण अक्का मला कळत गेल्या त्या माझ्या एकेका गाढवपणापाशीच.

कागदोपत्री त्या डॉ. सुशीला मगदूम, संचालक. सांगलीच्या एका कॉलेजात जन्मभर वाणिज्य शिकवून निवृत्त झालेल्या. घर जैन, थोडी बाग, थोडा हळदीचा व्यापार. माहेर अगदी कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं घरात त्या अक्का होत्या आणि पुढं जगात सगळीकडं अक्काच झाल्या. शिपाई अक्का म्हणायचा, अध्यक्ष अक्का म्हणायचे, आणि नंतर नंतर परदेशातले पाहुणे फोनवर 'डॉक्टर अक्का' म्हणायला लागले. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "येळ झाला न्हाई." आणि लगेच विचारणाऱ्यालाच त्याच्या पोराच्या ॲडमिशनचं विचारायच्या.

मूर्ती ठेंगणी. सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. माळावर कुसळं फार, म्हणून बूट. हातात जेवणाचा डबा आणि खांद्याच्या पिशवीत एक मोठा चौकड्यांचा पुरुषी रुमाल. हा रुमाल तोंड पुसायचा नव्हता. हा एसटीत जागा धरायचा रुमाल. संस्थेची जीप होती, अध्यक्ष रोज जीप पाठवतो म्हणायचे, पण अक्का सांगलीहून एसटीनंच यायच्या. जीपमध्ये माणसं भेटत नाहीत, हे कारण. गाडी स्टँडात वळली, की चढणाऱ्या गर्दीकडं बघायचंसुद्धा नाही. पुढं होऊन खिडकीतून रुमाल सोडायचा आणि मग निवांत, सगळ्यांच्या मागून चढायचं. त्या जागेवर कुणी बसलेलं असलं तर भांडण नाही. नुसतं समोर उभं राहून रुमालाकडं बघत राहायचं. शेवटी माणूस उठायचाच.

"रुमाल टाकला म्हंजे शब्द दिला," अक्का सांगायच्या. "मग बसायला येळ लागला तरी चालतोय. पण बसायचंच."

दुसरी गोष्ट जेवणाची. जैनांच्या रीतीप्रमाणं त्या सूर्य बुडायच्या आत जेवायच्या. बुडाला की सकाळपर्यंत काही नाही. त्यामुळं आमच्याकडं मीटिंगा घड्याळावर नाही, सूर्यावर चालायच्या. ऊन समोरच्या टेकडीवर चढलं की अक्का डब्याच्या कडीला हात लावायच्या, आणि सगळ्या जगाचे मतभेद आपोआप मिटायचे. मी तर माझे नको असलेले विषय मुद्दाम त्या वेळेला काढत असे. अक्कांना ते कळायचं. त्या डबा उघडायच्या आणि घास घेताना तोच विषय उद्या सकाळी पहिला घ्यायला सांगायच्या.

मी मूळचा साताऱ्याचा. पुण्यात एमबीए करून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत होतो. म्हणजे कंपनीच्या मते विकत होतो. वस्तुस्थिती अशी की माझ्याकडून यंत्र घेतलेली एकमेव व्यक्ती माझी मावशी होती, आणि तिनंही नंतर परत केलं. अशा माणसानं दुसऱ्यांना मार्केटिंग शिकवावं हा विचार कुणालाही सुचेल, तसा मलाही सुचला. जाहिरात बघून मुलाखतीला आलो. तेव्हा संस्था माळावर नव्हती. पशुखाद्याच्या गोदामावरच्या मजल्यावर होती आणि सरकीच्या पेंडीचा वास जिन्यातूनच अंगाला लागत होता. मी टाय बांधला होता. उन्हाळ्याचे दिवस, एसटीचा प्रवास आणि टाय. वर पोचेपर्यंत मी स्वतःच शुद्ध करायच्या पाण्यासारखा दिसत होतो.

मी जागतिक बाजारपेठेवर इंग्रजीत बोललो. चांगला बराच वेळ बोललो. अक्का ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी टेबलावरच्या पेढ्यांच्या पुड्याकडं बोट केलं. साताऱ्याचा माणूस मोकळ्या हातानं जात नाही, म्हणून मी तो आणला होता.

"हा कुठल्या दुकानातनं घेतला?"

मी सांगितलं.

"त्याच्या शेजारच्यातनं का न्हाई?"

आता इथं ब्रँडची प्रतिमा, ग्राहकाची निष्ठा असं काहीतरी बोलायचं होतं. पण खरं तेच तोंडातून निघून गेलं. शेजारी गर्दी होती आणि मला गाडी गाठायची होती.

अक्का पहिल्यांदा हसल्या. "एवढ्या येळात हे एकच खरं बोललास. याच्यावर पहिला तास घे. सोमवारी ये."

पेढा मात्र त्यांनी खाल्ला नाही. खिडकीकडं बघून पुडा बाजूला सारला. मला वाटलं, आवडला नसावा. सूर्य बुडाला होता हे कळायला मला पुढचे काही महिने लागले.

संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब. पलूसकडचे ऊसवाले, मनानं दिलदार, आणि नावात आईचं नाव हवं एवढीच त्यांची अट. 'तानुबाई बिझनेस स्कूल' ठरलं. पण पाटी रंगवायला पेंटर आला तेव्हा बापूसाहेबांना वाटलं की मधे जरा भारदस्त काहीतरी पाहिजे. त्यांनी 'इंटरनॅशनल' घालायला लावलं. अक्का दुसऱ्या दिवशी आल्या, पाटीखाली उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "आता हे खरं करावं लागंल."

"आवं अक्का, समदेच लिवत्यात," बापूसाहेब म्हणाले. "आमच्या गावातला सलूनवालाबी इंटरनॅशनल हाय."

"त्याला लिवू दे. त्याच्याकडं पोरं शिकायला येत न्हाईत."

बापूसाहेब हसले. मीही हसलो. अक्का हसल्या नाहीत. तो शब्द त्यांनी त्या दिवसापासून अंगावर घेतला तो घेतलाच.

आमची पहिली अडचण परदेशी पोरं मिळत नाहीत ही नव्हतीच. देशी पोरं टिकत नाहीत ही होती. विटा-आटपाडीकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. सोनारांकडचं जुनं सोनं घ्यायचं, भट्टीत घालायचं, शुद्ध करून द्यायचं. इकडं त्याला गलाई म्हणतात. कोइमतूर म्हणू नका, कटक म्हणू नका, जिथं सोनार तिथं एक विटेकर. दिवाळीला चुलते-मामे गावी यायचे आणि जाताना पोराला दुकानात बसवायला घेऊन जायचे. दिवाळीनंतर वर्ग निम्मा. मी हजेरी सक्तीची करायचा, दंड लावायचा असा मोठा आराखडा तयार केला, इंग्रजीतून. अक्कांनी तो वाचला आणि मला परत दिला.

"पोरं तिकडं जात्यात, तर वर्ग तिकडं न्यायचा," त्या म्हणाल्या.

आणि खरंच नेला. प्रत्येक पोरानं एक सत्र बाहेरच्या राज्यातल्या गलाईच्या दुकानात राहायचं; तिथला बाजार, भाषा, सोनाराचा स्वभाव शिकायचा आणि परत येऊन वर्गासमोर बोलायचं. ज्यांचं कुणी गलाईत नव्हतं त्यांना दुसऱ्याच्या मामाकडं पाठवायचं. पहिल्या तुकडीबरोबर देखरेखीला मी गेलो, तामिळनाडूतल्या एका गावी. दुकानमालक चांगला माणूस. आपण नुसते पाहुणे म्हणून बसू नये, या उदात्त भावनेनं मी सकाळी लवकर उठून त्यांचं सगळं दुकान स्वच्छ झाडलं आणि केर बाहेर गटारात टाकला.

गलाईच्या दुकानातला केर टाकत नाहीत. वर्षभर साठवतात. त्यात सोनं असतं.

मालक गटाराशेजारी नुसते उकिडवे बसले. त्यांनी अक्कांना फोन लावला आणि मग फोन माझ्याकडं दिला. पलीकडं अक्कांनी सगळं ऐकून घेतलं होतं. मला वाटलं नोकरी गेली. मग त्या म्हणाल्या, "काय रं, साताऱ्यात सोनं असंच टाकत्यात?" आणि गटार उपसायला मी पहिला उतरलं पाहिजे, असं सांगून फोन ठेवला. मी उतरलो. टाय नव्हता, एवढंच माझं नशीब.

पुढं दर वर्षी पहिल्या तासाला अक्का मला नव्या मुलांसमोर उभं करायच्या. "हे आपले मार्केटिंगचे सर. ह्यांनी एकदा सोनं गटारात टाकलं. आता धंद्यात काय काय टाकायचं न्हाई, ते हेच तुमास्नी शिकवतील." मुलं हसायची आणि पुढं कधीही माझ्या तासाला गैरहजर राहायची नाहीत. माझ्या आयुष्यातली एवढी यशस्वी जाहिरात मी स्वतः कधी करू शकलो नाही.

माळावरची इमारत बापूसाहेबांनी बांधून दिली आणि पाटी तिथं नेली, ती एका आशेवर. युरोपातल्या एका विद्यापीठाशी आमचा पत्रव्यवहार चालू होता. त्यांची दोन माणसं येऊन संस्था बघणार, पसंत पडली तर करार करणार, इकडची पोरं तिकडं आणि तिकडची इकडं. बापूसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे जुळलं तर शाळा. नाही जुळलं तर ह्या इमारतीचं मंगल कार्यालय. हॉल आहे, पार्किंगला माळ आहे, आचाऱ्याला मागं जागा आहे. त्यांच्या डोक्यात चुलाणं कुठं मांडायची हेसुद्धा ठरलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. भरल्या घरात पंगत उठलेली बघायला त्याला आवडायचं आणि आमचे वर्ग त्याला रिकामे दिसायचे.

पाहुण्यांच्या स्वागताचं काम माझ्याकडं आलं. यापुढचं मी जरा भरभर सांगतो.

माझी कल्पना साधी होती. दारात हलगी, एक फेटा, एक शाल, एक नारळ. पण पाहुणे परदेशी आहेत ही बातमी फुटली आणि सत्कार करायला कोण कोण पुढं आलं! संस्थेचं संचालक मंडळ आलं. पतसंस्थेचं आलं. दूध संघाचं आलं. ज्यांच्या शेतातून आमचा रस्ता गेला होता ते आले. माजी सैनिक संघटना आली, आणि तिला नाही कसं म्हणायचं? एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हटलं तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा उरत नाही, हे इकडच्या कुणालाही विचारा. मी सगळ्यांना हो म्हटलं. प्रत्येकाला वाटलं, आपलाच सत्कार मुख्य. प्रत्येकानं मनोगत व्यक्त केलं. पाहुण्यांतले उंच गृहस्थ फेट्यावर फेटे चढत गेल्यावर आणखी उंच झाले. बाईंच्या मांडीवर शालींचा ढीग हनुवटीपर्यंत आला आणि त्या ढिगावरून त्यांचे निळे डोळे तेवढे दिसायचे. त्या मला मधूनमधून नम्रपणे विचारायच्या की आपण विद्यार्थ्यांना कधी भेटणार आहोत. मी म्हणायचो, फक्त एकच सत्कार राहिलाय.

दुपार गेली. ऊन टेकडीवर चढलं. अक्का व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वर्गात त्यांची मुलं सकाळपासून इस्त्रीच्या कपड्यांत बसून होती. कटकच्या बाजारावर कोण बोलणार, कोइमतूरवर कोण, सगळं ठरलेलं. अक्कांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी बोटानं 'एक मिनिट' अशी खूण केली. माझ्या मागं माईकवर द्राक्ष बागायतदार बोलत होते.

सूर्य बुडाला. पाहुण्यांची गाडी पुण्याला निघाली, डिकीत नारळ गडगडत. अक्कांनी न उघडलेला डबा पिशवीत ठेवला आणि आधी वर्गात जाऊन मुलांना घरी सोडलं. त्यांना उपाशी परत जाताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

उत्तर आलं ते सभ्य होतं. एवढं आदरातिथ्य आम्हाला कुठंही मिळालं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पण आम्हाला संस्था पाहायला मिळाली नाही, तेव्हा करार करता येत नाही.

मी राजीनामा लिहून नेला. अक्कांनी तो वाचलाच नाही, त्यावर डबा ठेवला. म्हणाल्या, "पेंटरला बोलव."

मला वाटलं, मंगल कार्यालयाची पाटी. पेंटर आला, शिडी लागली, आणि अक्कांनी त्याला पाटीवरचा मधला शब्द पुसायला सांगितला. बाकीचं तसंच. शब्द जवळ आणायचे नाहीत, मधे दुसरं काही लिहायचं नाही. तेवढा तुकडा पांढरा सोडायचा. बापूसाहेबांना कुणीतरी कळवलं, ते जीप घेऊन तसेच आले. लोक हसतील, होती ती पोरंसुद्धा येणार नाहीत, असं बरंच काही बोलले. अक्का शिडीला धरून उभ्या होत्या.

"बापूसाहेब, आपण पाटीवर लिवलं हुतं ते खरं न्हवतं. पाहुणे आले न् बघून गेले. आता न्हाई ते लिवून पोरांस्नी शिकवू कसं मी?"

"मग समदंच काढा की. पांढरी जागा कशाला ठेवताय?"

"ती जागा मी धरलीया. एसटीत रुमाल टाकतो, तसा रुमाल टाकलाय."

बापूसाहेब पाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आन् गाडीच सुटली तर?"

"माझी कवा सुटली न्हाई."

ते जीपकडं वळले. आत्ताची तुकडी बाहेर पडेपर्यंत शाळा, त्यानंतर कार्यालय, असं म्हणून निघून गेले. पण एक गोष्ट त्यांनी लगेच करून टाकली. सुट्टीतल्या एका लग्नाचं बुकिंग घेतलं. गलाईवाल्यांच्या घरचं मोठं लग्न होतं.

आम्हा प्राध्यापकांना तो अपमान वाटला. स्टाफरूममध्ये निषेधाची भाषा झाली आणि माझ्या बाबतीत ती भाषेवरच राहिली. अक्का मात्र बातमी ऐकून खुर्चीत सावरून बसल्या. कुणाकुणाचं लग्न, कुठून कुठून माणसं येणार, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग बापूसाहेबांकडं गेल्या आणि हॉल आनंदानं देते म्हणाल्या. फक्त अक्षता पडल्यावर मान्यवरांच्या शुभेच्छा असतात, त्यात आपलं नाव घालायचं. बापूसाहेबांना वाटलं, अक्का नरमल्या.

लग्नाच्या दिवशी माळ गाड्यांनी भरला. तामिळनाडूच्या, ओडिशाच्या, बंगालच्या नंबरप्लेटा. एरवी देशभर विखुरलेली ही माणसं लग्नालाच काय ती एका मांडवात सापडतात. हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून माहीत होतं. त्याचं काय करायचं ते अक्कांनाच सुचलं. मला त्यांनी फक्त एक काम दिलं होतं. शुभेच्छा चालू असेपर्यंत आचाऱ्याला पंगत मांडू द्यायची नाही, कारण पानं पडली की मांडवात कुणी थांबत नाही. मी आचाऱ्याला गप्पांत गुंतवायला गेलो आणि त्यानं मलाच जिलेबीच्या परातीपाशी बसवलं. पण पंगत थांबली. जिलेबी मी इतकी मोडून ठेवली होती, की ती परत निवडण्यातच त्याची माणसं गुंतली.

अक्का बूट घालूनच व्यासपीठावर चढल्या. नवरा-नवरीला एका वाक्यात आशीर्वाद दिला. मग म्हणाल्या, "आता मला एक सांगा. ज्यांचं दुकान महाराष्ट्राच्या भाईर हाय, त्यांनी हात वर करा."

सगळ्या मांडवानं हात वर केले. माणसं एकमेकांकडं बघून हसायला लागली.

"आता ज्यांचं देशाच्या भाईर हाय, त्यांनी."

हात खाली आले. मागं, खांबापाशी एक हात वरच राहिला. अंगात सफारी घातलेले वयस्कर गृहस्थ होते, काठमांडूला त्यांची भट्टी होती.

"तुमी जेवायला बसा," अक्का माईकवरूनच म्हणाल्या. "मी शेजारी बसती."

आणि बसल्या. पंगतीत, त्यांच्या शेजारी, स्वतःचा डबा उघडून. मी वाढपी झालो होतो, त्यामुळं येताजाता जे ऐकू आलं तेवढंच मला ठाऊक. अक्कांनी करार, विद्यापीठ असलं काही काढलं नाही. तुमच्या गल्लीत सोनार कोण, त्यांची पोरं काय शिकतात, धंदा पोरींना देतात का, एवढंच विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, एक पोर पाठवा. एकच. आमच्याकडं राहील, शिकेल, नाही पटलं तर मी स्वतः परत आणून सोडते. गृहस्थ म्हणाले, "आवं अक्का, आमच्या समोरच्या सोनाराची पोरगी लय हुशार हाय. पर ती हितं माळावर कशाला येईल?"

"तुमी तिथं कशाला गेलासा?"

गृहस्थांनी घास हातातच धरला. मग हसले.

तिचं नाव सृजना. तिला आणायला मी मिरज स्टेशनवर गेलो. परदेशी विद्यार्थिनी, म्हणून एक स्वागतपर भाषण इंग्रजीत पाठ केलं होतं आणि पिशवीत, अक्कांना न सांगता, एक शाल होती. मी फलाटावर सावकाश, एकेक शब्द तोडून बोलायला सुरुवात केली. तिनं ते दोन वाक्यांपर्यंत सहन केलं. मग म्हणाली, "आवं सर, चला की. लय भूक लागलीया."

विटेकरांच्या भट्टीसमोर वाढलेली पोरगी. आमच्यापेक्षा अस्सल बोलत होती. शाल मी रिक्षावाल्याला दिली.

बापूसाहेब तिला बघायला आले. नेपाळ म्हणजे काय मोठासा परदेश, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, तानुबाई कोण हे विचारलं आणि फोटोपुढं हात जोडले. बापूसाहेबांचा आवाज बदलला. पुढच्या मोसमाची बुकिंगं त्यांनी घेतली नाहीत. नुसते म्हणाले, बघू अजून एक वर्ष. मग शब्द पाटीवर परत घालू या का, हे मीच उत्साहानं विचारलं. अक्का म्हणाल्या, आपण आणलेलं एक पोर म्हणजे काही नाही. ती शिकली पाहिजे, घरी जाऊन उभी राहिली पाहिजे, आणि तिनं आपणहून दुसरं पाठवलं पाहिजे. तेव्हा.

ती पांढरी जागा मग काही वर्षं तशीच राहिली. येणारेजाणारे विचारायचे, ह्या मधे काय होतं? शिपायानंही उत्तर पाठ केलं होतं, "तितं अक्कांचा रुमाल हाय." त्या काळात आम्ही वाढत होतो, पण सगळं त्या जागेभोवती. सत्कारांना संस्थेत बंदी आली. शाल-नारळ आणणाऱ्याला अक्का वर्गात नेऊन बसवायच्या आणि मुलांना त्याच्या धंद्याबद्दल प्रश्न विचारायला लावायच्या. दूध संघाचे अध्यक्ष असे एकदा घामाघूम होऊन बाहेर आले आणि नंतर पुन्हा पुन्हा येत राहिले. युरोपातल्या त्या निळ्या डोळ्यांच्या बाईंनी स्वतःहून पुन्हा विचारणा केली. अक्कांनी कळवलं, या, मात्र इथं तुमच्या गळ्यात कुणी काही घालणार नाही. त्या आल्या, दिवसभर मुलांत बसल्या आणि करार झाला. मी म्हटलं, अक्का, आता तरी? त्यांनी मान हलवली. सृजनाचं काय झालं ते अजून कळायचं होतं.

सृजना परत गेली. बापाच्या दुकानामागं तिनं स्वतःचं दागिन्यांचं छोटं काम सुरू केलं. अडचणी आल्या, दुकानासाठी बघितलेल्या जागेतला जुना भाडेकरू हलेना, एकदा फोनवर रडलीसुद्धा. अक्का तिच्याशी दर आठवड्याला बोलायच्या, बहुतेक वेळा एसटीतून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यामुळं काठमांडूतल्या त्या दुकानाची हालहवाल तासगावपर्यंतच्या सगळ्या प्रवाशांना माहीत असायची. कंडक्टर विचारायचा, "काय अक्का, पोरीचा भाडेकरू निघाला का?" शेवटी तो निघाला. दुकान उभं राहिलं. आणि एका जूनमध्ये, आम्ही कुणी न बोलावता, प्रमिला नावाची मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली. सृजनादीदींनी पाठवलंय, म्हणाली.

अक्कांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. मग मला म्हणाल्या, "पेंटरला बोलव."

पाटी झाली आणि दुसऱ्याच दिवशी अक्का बहिणीकडं निपाणीला गेल्या, आजारी पडल्या आणि त्याच पावसाळ्यात तिथंच वारल्या. त्यामुळं मला शेवटच्या दिसलेल्या अक्का, त्या पाटी रंगवली त्या दिवसाच्या.

बापूसाहेब आले होते, काठी टेकत. पेंटरनं शेवटचं अक्षर पूर्ण केलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. आता माझं म्हणाल तर माझी खोड अजून गेली नव्हती. मी एक शाल आणून ठेवली होती. एकच. या बाईंचा एवढा एकदा सत्कार करायचाच, असं माझं आणि बापूसाहेबांचं आतल्या आत ठरलं होतं. मी खुर्च्या मांडल्या, माईक लावला, शाल घेऊन वळलो, तर अक्का कुठं नव्हत्या. ऊन टेकडीवर चढलेलं. शिपायानं रस्त्याकडं बोट केलं.

सांगलीची गाडी थांब्यावर लागलेली होती, नेहमीसारखी भरलेली. मी शाल घेऊन धावलो. पोचलो तेव्हा अक्का खिडकीत बसलेल्या आणि मांडीवर डबा उघडलेला. मी धापा टाकत शाल वर धरली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग शालीकडं, मग माझ्या मागं लांब दिसणाऱ्या पाटीकडं. बराच वेळ बघत होत्या.

"हात आखडता घेतलाय पेंटरनं. शेवटचं अक्षर बारकं झालं," म्हणाल्या. आणि चपातीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "खा. सकाळपास्नं पळतोयस."

गाडीत माणसं उभी होती, दांडीला लोंबकळत. अक्कांच्या शेजारची सीट तेवढी रिकामी होती आणि तिच्यावर तो चौकड्यांचा रुमाल पसरलेला होता. मी विचारलं, कुणासाठी. त्यांनी रस्त्याकडं हनुवटी केली. संस्थेच्या फाटकातून प्रमिला येत होती. तिला सांगलीला जाऊन गाद्या-चादरी घ्यायच्या होत्या. नवीन होती, गर्दीची सवय नव्हती, सावकाश येत होती.

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. अक्कांनी घास खाता खाताच डावा हात वर केला, आणि गाडी थांबून राहिली.